डावीकडे वळलेल्या वेली

नाशिक

प्रिय सृष्टी,

काय आनंद झाला म्हणून सांगू! काल तुझ्या बाबाने फोनवर तुझ्या प्रदर्शनाचे फोटो दाखवले. तू पुण्याला नेलेला माझा चांदीचा करंडा काचेत, वर दिवा, लोक वाकून वाकून बघतायत. शेजारच्या सुवर्णालासुद्धा बोलावून दाखवला. तिच्या हाताला पीठ तसंच. मग खालचं कार्ड दिसलं. ‘फिलिग्री. कारागीर : पुंजाराम.’ फिलिग्री म्हणजे काय विचारलं, तर आपलं तारकामच निघालं. शब्द कुठलाही लाव बाई. खालचं कारागिराचं नाव मात्र चुकलंय.

तुझे आजोबा तार झकास ओढायचे, तारांचे जोड झाळायचेही छान. पण त्या तारेला पीळ घालून वेली-पाकळ्या वळवणं त्यांना जमायचं नाही. ते मी करायची, आतल्या खोलीत, दार लोटून. बाईच्या हातचं आहे कळलं तर सराफ काम देणार नाही, म्हणायचे. सराफशेठ आले की म्हणत, “पुंजाराम, तुझ्या हातात जादू आहे रे!” हे नुसते हसायचे आणि मला हाक, “चहा टाक गं.” चाळीस वर्षं टाकला. त्यात आलं नसलं की तोंड वाकडं, ते वेगळंच.

झाकण नीट बघ. सगळ्या वेली डावीकडे वळल्यात. ह्यांचा हात उजवा. डावरी मी. शाळेत बाईंनी डाव्या हातावर पट्ट्या मारल्या, तिथेच दुसरीत शाळा सुटली. तूही डावरी, पण तुला कुणी मारलं नाही, बरं झालं. दवाखान्यात ह्यांना म्हटलं, निदान महेशला, तुझ्या बाबाला, तरी खरं सांगा. म्हणाले, “आता काय करायचंय?” आणि चार दिवसांत गेले. मी रडले नाही, तर लोक म्हणाले, धक्का बसलाय. धक्का कसला, राग आला होता.

प्रदर्शन रविवारी संपतंय ना? त्याआधी ते कार्ड बदल. आजोबांचं नाव खोडू नकोस, तार त्यांनीच ओढलीय. पण वर माझं लिही. बाबाला विचारू नकोस, तो म्हणेल वडिलांचा अपमान. हे सगळं पत्र शाळेत शिकवलं तसं उजव्या हाताने लिहिलंय. नाव तेवढं डाव्याने लिहिते, आयुष्यात पहिल्यांदा. कार्डावर जसंच्या तसं उतरव.

तुझीच आजी,
रंगूबाई