राखाडी पट्टी

सोमवार, ६ जानेवारी

मेहकरला पोचलो आणि चक्क मजेत आहे. खोली उजेडाची, मालकीणबाईंनी न मागता चहा पाठवला, ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ. खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर आमची 'ग्लोबल डिजिटल सेवा'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

कामाला वेग आणायला पुण्याच्या कंपनीने मला इथे धाडलंय. काम काय, ते आईला सांगायची सोय नाही. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, फुकट वाचायला देणारी एक वेबसाइट आहे. तिच्यावरची प्रौढांची चित्रं आता काढायची, कारण जाहिरातदारांनी डोळे वटारलेत. कालपर्यंत त्याच चित्रांवर पोट भरलं, आज मंडळी एकदम सोवळ्यात. ते सोवळं आम्ही नेसवायचं, मेहकरात बसून. मालक माणिकराव म्हणतात, असली घाण ते बघतसुद्धा नाहीत. फक्त आमच्या पाठीमागून जाताना फार हळू चालतात.

१९ तारखेला, रविवारी, बुलढाण्याची हिमानी आईवडिलांसोबत मला बघायला येणार. फोटो तिला आवडलाय. हे जमावं असं मला मनापासून वाटतं. फोनवर ती माझ्यापेक्षा हुशार वाटली, पण हे फक्त इथेच लिहितो.

बुधवार, ८ जानेवारी

इथली रीत बघून हसावं की रडावं कळेना. चित्रातलं काय झाकायचं ते सॉफ्टवेअरला शिकवायचं, मग ते राखाडी पट्टी मारतं. झालं! पण टीमप्रमुख धम्मशीला मॅडम (चित्रकलेची पदवी, जाड चष्मा, आवाज तहसीलदाराचा) यांचा दंडक असा, की अंग झाका, तोंड तेवढं ठेवा. पट्टी हनुवटीच्या वर गेली की पान परत. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "तिनं काऊन तोंड लपवावं? तिनं का चोरी केली? ज्यानं तिले असं काढलं, त्यानं लपवावं."

कागदावरच्या बाईची अब्रू! डिंपल आणि बाकीच्या मुली माना डोलावतात आणि एकेका पट्टीला निऱ्या घालाव्यात तसा वेळ लावतात. यांच्या हातून वेग येणार म्हणजे झालंच.

शुक्रवार, १० जानेवारी

सार्वजनिक न्हाणीघर चालवणाऱ्या एका विधवेची भिकार मालिका वाट्याला आली. भाग संपता संपत नाहीत. वाचणारेही तसलेच, प्रतिक्रिया लिहायची तर धड एक वाक्य जमत नाही. बाईच्या गालावर तीळ आणि नजर थेट आपल्याकडे. वैताग आला.

मग डोकं चालवलं. सॉफ्टवेअरला तिचं तोंडच शिकवलं. हे तोंड दिसलं की त्याच्यावरच पट्टी, मग ती बाई भांडी घासत असो नाहीतर रडत असो. जेवायच्या सुट्टीपर्यंत मालिका साफ!

माणिकरावांनी पाठ थोपटली आणि तोंडाचा नियम मोडीत काढला. धम्मशीला मॅडमनी पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि जवळच्या सुलतानपूरला घरी निघून गेल्या. त्या आता यायच्या नाहीत, असं डिंपल मला ऐकवून बोलली. नाही आल्या तर नाही! ऑफिसात हवा तरी खेळेल.

सोमवार, १३ जानेवारी

हजेरीचं यंत्र तोंड बघून दार उघडतं. आज म्हणालं, 'चेहरा आढळला नाही.' डिंपलला मात्र लगेच ओळखलं. गावासारखं यंत्र. पण फोनही माझ्या तोंडाने उघडेना, आणि तो तर पुण्याचा आहे. थंडी असेल.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. डिंपलने सगळ्यांना तिळगूळ दिला. माझ्यापाशी आली आणि तशीच पुढे गेली. अपमान करायचा तर निदान नीट करावा! मी हाक मारली तशी दचकली. म्हणाली, "सर, तुम्ही इथंच होते का? मले वाटलं खुर्ची रिकामी हाये."

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल. कॅमेऱ्यावरचं बोट काढ म्हणाली. बोट नव्हतं.

गुरुवार, १६ जानेवारी

दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो. हनुवटीपासून कपाळापर्यंत राखाडी. साबणाने धुतलं, मग मिठाने घासलं. जात नाही. नाक हाताला लागतं, पण कालच्यापेक्षा कमी.

हिमानीचा मेसेज आलाय. माझ्या फोटोत नुसता राखाडी डाग का दिसतो, ही थट्टा तिला आवडलेली नाही.

मी घाबरलो आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

मालिकेचा नवा भाग आलाय. न्हाणीघरवाली सगळ्या पानांत पाठमोरी. शेवटच्या पानावर वळते. तोंड आहे. तीळ नाही. माझी डावी भुवई, माझ्या ओठावरची लहानपणची खूण — तिने माझं तोंड लावलंय.

सॉफ्टवेअरने ते पान पकडलं. रविवारी दुपारी त्याच्यावर आपोआप पट्टी चढणार. तिथून पुसलं की मग माझं कुठेच — मी 'ठेवा' दाबलं. त्याला टीमप्रमुखाची संमती लागते. टीमप्रमुख नाही. मीच घालवली.

माणिकराव पाठीमागून गेले. मी हाक मारली. रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, कम्प्युटर कोण चालू ठेवून गेलं बे.

शनिवार, १८ जानेवारी

धम्मशीला मॅडमना फोन लावला. आवाज निघेना, ओठच — सगळं लिहून पाठवलं. दहा तारखेचंही. उत्तर आलं, "उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राह्यले. कशालेच हात लावू नका." एक शब्द सुनावला नाही. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. ऑफिसचा लॅपटॉप खोलीवर आणून ठेवलाय.

रविवार, १९ जानेवारी

आई आली. हिमानी आली, आईवडील आले. पोहे निवले. सगळे माझी वाट बघतायत. मी समोरच बसलोय.

हिमानी म्हणाली, नकार द्यायचा तर तोंड दाखवून द्यावा. आई रडते. तिच्या हातावर हात ठेवला, तिने पदराने हात पुसला.

अक्षरं धुरकट — दार वाजलं. धम्मशीला मॅडम. धापा टाकत सरळ लॅपटॉपपाशी. तो पासवर्ड मागतोय. पानावर पट्टी पायापासून वर — गळ्याशी —

मॅडम, इकडे — अंग झाका, हात झाका, सगळं झाका — हनुवटी गेली — तोंड — तोंड तेवढं ठे