कमानींवरची ताडपत्री

कासारवाडी
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. सकाळचे सव्वासहा. आई झोपली आहे, मी दूध तापायची वाट बघतोय.

प्रिय प्रीतमदादा, सप्रेम जय भीम.

आम्ही दोघं बरे आहोत. सुरतेला वहिनींना आठवण सांग.

चिखलीच्या आमच्या कंत्राटदारानं कोर्टाच्या दुरुस्तीचं काम घेतलंय, हे तुला बोललो होतो. इंग्रजांच्या काळातली काळ्या दगडाची इमारत, पुढं कमानींची लांब ओसरी. जुन्या पागेत आता टायपिंगवाले बसतात. कमानींवरचा ऑइलपेंट आम्ही खरवडतोय. शिपाई सोपानराव सांगतात, ओसरी अंगणाकडं मुद्दाम उघडी ठेवलीय. तिथून नाव पुकारलं की थेट चिंचेखाली बसलेल्यांना ऐकू जातं.

गेल्या महिन्यात आपल्या खोलीचा दावा याच कोर्टानं आई गैरहजर म्हणून काढून टाकला. तू फोनवर तिला फार बोललास. ती एवढंच म्हणाली, "डुलकी लागली असंल."

दादा, ती जागीच होती. चिंचेखाली, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. वकील निशिगंधा मॅडम दुसऱ्या कोर्टात होत्या. आत धूळ जाते म्हणून त्या सकाळी मीच कमानींना ताडपत्री बांधली होती. एक फट ठेवली नव्हती. तीनदा पुकारा झाला, तो ताडपत्रीच्या आतच राहिला.

काम जाईल म्हणून मी गप्प होतो. शेवटी मॅडमना सांगितलं. काल त्यांनी मला न्यायाधीशांपुढं उभं केलं.

"ताडपत्री कुणी बांधली?"

"मी, साहेब. आई माझीच आहे."

"मग तू तिच्याच बाजूनं बोलणार," साहेब म्हणाले आणि उठून स्वतः चिंचेखाली जाऊन उभे राहिले. आई त्यांच्या मागं. सोपानरावांनी ताडपत्रीच्या आतून पुकारा केला. साहेबांनी मान हलवली, ऐकू आलं नव्हतं. मग मी दोरी कापली. या वेळी "कौशल्याबाई भिमाजी ओव्हाळ" असं कमानींतून आलं आणि आई साहेबांना मागं टाकून पुढं पळाली, "हजर, हजर" म्हणत.

दावा पुन्हा चालू झाला. खोली अजून आपली झालेली नाही, पण गेलेलीही नाही. काल रात्री बऱ्याच दिवसांनी मला झोप लागली. ताडपत्री आता बांधायची नाही, साहेबांचं टेबल रोज मी पुसायचं, असं ठरलंय.

खर्च: कापलेल्या दोरीचे एकशे चाळीस रुपये, माझ्या पगारातून.
देणं: आईला तुझा एक फोन. तू तिच्याशी पुन्हा नीट बोलावंस, एवढंच तिला हवंय.

तुझा,
समाधान