नमस्कार मिठाच्या बरणीला

प्रिय आई,

आज पहिला नमस्कार तुझ्या मिठाच्या बरणीला.

केसाएवढ्या काचेच्या तंतूच्या टोकावर आम्ही प्रयोगशाळेत डीएनएच्या धाग्याच्या बारीक घड्या बसवतो. रक्ताच्या थेंबात किडनीच्या आजाराची खूण सापडली, की तंतूतला प्रकाश बदलतो. पण आठवडाभर प्रकाश काही बदलेना. मग तुझा रोजचा प्रश्न आठवला, "मीठ घातलंस का?" मी तंतू साध्या पाण्याने धूत होते आणि मिठाशिवाय त्या घड्या उलगडतात. काल खारट पाण्याने धुतले, तर प्रकाश बदलला. प्रयोगशाळेच्या मॅडमनी स्वतः चहा करून दिला.

तुझा किडनीचा आजारही असा वेळेत कळला असता, असं वाटतंच.

बाबा सांगतात, भाजीत मीठ अजून तूच घालतेस, चव न बघता. तुझी अळणी वाटी त्याआधी बाजूला काढतेस ना? खरं लिही.

तुझी विसराळू लेक