भिजलेल्या तोराची व्यवस्था

मी, वय एकोणऐंशी, धंदा पुस्तकबांधणी, गुडघे सोडून बाकी ठणठणीत आणि डोकं तर नको तितकं शाबूत असताना, कोणीही कानाशी न लागता, माझ्या मागची व्यवस्था या कागदावर लिहून ठेवतो. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी भावाबद्दल बरे शब्द वापरले होते.

१. राहतं घर मुलीला. ती परदेशातून परतणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिने ते खुशाल विकावं, फक्त आमच्या प्रार्थनालयाच्या विश्वस्तांना विकू नये.

२. बँकेतली शिल्लक, आमच्यातल्या मृतांना शेवटची आंघोळ घालणाऱ्या गृहस्थांना. या गल्लीत आम्हा यहुद्यांची साठ घरं होती, आता पाच आहेत. बरीच माणसं जहाजाने देश सोडून गेली, राहिलेल्यांना याच गृहस्थांनी धुऊन पोचवलं. त्यांचे आभार मानायचं कुणाला सुचलं नाही.

३. दाबयंत्र, सुया, दोरा आणि सरसाचं भांडं शेजारच्या छापखानेवाल्या बाईंना. त्यांना सरसाचा वास चालतो. माझ्या बायकोला चाळीस वर्षं चालला नाही, तरी ती राहिली, याची इथे नोंद करतो.

४. आता धाकटा भाऊ, म्हणजे विश्वस्तांचे अध्यक्ष. सार्वजनिक प्रार्थनेला आमच्यात दहा यहुदी पुरुष लागतात. ते भरेनात, तेव्हा याने इमारत बघायला आलेल्या परक्यांच्या डोक्यांवर टोप्या ठेवून त्यांना बाकांवर बसवलं. एकाने मधेच विचारलं, "हे अजून किती वेळ चालणार?" मला शिसारी आली. छपराच्या दुरुस्तीऐवजी विश्वस्तांच्या नावांची पितळी पाटी केली, तीही यानेच. मग पाणी कपाटात शिरलं आणि आमची तोरा, कातड्यावर हाताने लिहिलेली आमच्या पवित्र ग्रंथाची गुंडाळी, भिजून कुजली. पणजोबांच्याही आधीपासून ती इथे होती. मी महिनाभर टाके घालत बसलो. शाईच वाहून गेली तिथे टाके काय करणार. मी रडलो, लाज वाटत नाही.

अशी तोरा वाचता येत नाही, फेकता येत नाही, विकायचं तर नावच नको. माणसासारखी पुरावी लागते. भावाने ती एका हॉटेलवाल्याला कबूल केली. मी म्हटलं, "अरे, ती गेली आता. तिला माती दे." तर म्हणतो, "दादा, त्यांना कुठे वाचायचीये? भिंतीवर लावायचीये." त्या दिवसापासून मी त्याच्या घरचं पाणी घेतलेलं नाही.

५. तोराची लाकडी पेटी भावाला. त्याने ती हॉटेलात जरूर पाठवावी. आत त्याचीच वीस वर्षांची छापील भाषणं मी एकाला एक शिवून गुंडाळून ठेवली आहेत. शिवण उत्तम झाली आहे, मजकुराची हमी देत नाही.

६. आमच्यात प्रेत ताटकळत ठेवत नाहीत, आणि मृत्युपत्र दफनानंतर उघडतं. म्हणजे हे वाचलं जाईल तेव्हा मी मातीत असेन, आणि तोराचं जे उरलं होतं ते कफनाच्या आत, माझ्या उजव्या कुशीला. आंघोळ घालणाऱ्या गृहस्थांनी तसा शब्द दिला आहे, आणि त्यांचा शब्द मी ओळखतो.

७. तेव्हा बाबा रे, तुला ती हवीच असेल तर सख्ख्या भावाची कबर उकरावी लागेल. कुदळ आणि फावडं परसात आहेत. दोन्ही तुझ्या नावे करतो.

स्थळ: बांधणीच्या दुकानामागची खोली.
दिनांक: शुक्रवार, दिवस मावळायच्या आत. नंतर शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागेल आणि लिहिता येणार नाही.

लिहून ठेवणार: पुस्तकबांधणीवाला (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:
१. दातांचे डॉक्टर (सही)
२. निवृत्त पोस्टमास्तरीणबाई (सही)