तळ बघून निवडलेली तंगूस

प्रिय वैजूताई,

पयल्यांदा सांगून टाकतो, मंग तुला काय शिव्या द्यायच्यात त्या दे. आज्याच्या गळासाठी तू पुन्याहून जी बारीक तंगूस धाडली व्हतीस, ती मी त्याच्या रिळावरनं काढली आन तिथं काळी, विनलेली, जाड दोरी गुंडाळली. त्याला न इचारता. वर तुझंच नाव सांगितलं, की ही पन ताईनंच धाडलीय. बरं, हे काय मोठा मासा लागावा म्हनून न्हाई केलं. त्या दोरीला भंगारातला तांब्या बांधायचा व्हता, म्हनून केलं.

फोनवरच बोललो असतो, पन घरात फोन एक, आन तुझं काय बी आलं की आई आवाज मोठा करून आज्याच्या कानाला लावती. म्हनून वहीचं पान फाडलं. अक्षराला हसू नको. मास्तर म्हनायचे, ऋतिकचा पेपर तपासायचा तर मला येगळा पगार पायजे.

तू नर्सिंगला गेलीस त्याच्या आधीपासनं तुला आज्याचं धरनावर बसनं ठाव हाय, पन आजी गेल्यापास्नं ते लई वाढलंय. धरनाचं पानी उतरलं की वरल्या आळीची जोती उघडी पडत्यात. लोकं जात्यात, आपापल्या उंबऱ्यावर नारळ फोडून येत्यात. आपलं जुनं घर खालच्या आळीत. ते कवाच वर येत न्हाई. आजा बरुबर त्याच्या वरच्या खडकावर जाऊन बसतो आन गळ टाकतो. समद्यांना वाटतं म्हातारा मासं धरतो. पन त्यानं कवा मासा आनलेला कुनी बघितलाय का? कनकेचा गोळा बी नुसता नावाला लावतो.

मी त्याच्या शेजारी बसून बसून बघितलंय. तंगुशीच्या टोकाचं शिसं तळाला टेकवतो आन हळूहळू वढतो. डोळं मिटल्यालं. आन पुटपुटतो, ही वटी. हा गोठ्याचा दगूड. हितं जातं व्हतं. त्याला मोतिबिंदूनं धड माझं तोंड दिसत न्हाई, पन पान्याखालचं आख्खं घर बोटानं दिसतं. त्यासाठीच त्याला तुझी बारीक तंगूस आवडायची. खालचा खडा न् खडा हाताला सांगती, म्हनायचा. ती दगडाला घासून सारखी तुटायची, गळ, शिसं समदं खाली. मी हळहळायचो. हा म्हनायचा, जाऊ दे रं, घरीच ऱ्हायलं.

आता खोडी का काढली ते सांगतो. जानकूमामा पावना आला व्हता, त्याच्यासमोर आजा माझ्याकडं बोट करून म्हनला, ह्याला गळाला लावला तर मासा बी तोंड फिरवंल. समदे हसले. आई तर लईच हसली. मी बी हसलो, पन डोक्यात ठिवलं. म्हनलं, थांब म्हाताऱ्या, तुला असा मासा घावंल की गाव हसंल.

आजीच्या तांब्याचं तर तुला म्हाईतच हाय. धरनाचं पानी गावात चढलं तवा आज्यानं नांगर उचलला, आन आजीच्या भावानं लग्नात दिलेला तांब्या घरातच ऱ्हायला. जल्मभर भांडान कशावरनं बी निघू दे, संपायचं तांब्यावर. आजा पानी मागायचा, ही म्हनायची, तहान लागली का? नांगर चाटा. आपन दोघं पांघरुनात तोंड घालून हसायचो. मला वाटायचं ही आपल्या घरातली गंमत हाय. तेवढंच वाटायचं.

घोडेगावात भरतच्या भंगारात एक पितळी तांब्या घावला, काळाकुट्ट, पोचे पडलेला. माझा जुना हेडफोन देऊन घेतला. मंग तंगुशीचा इचार केला, अगदी तू शिकवला तसा. बारीक तंगूस नितळ पान्यात माश्याला दिसत न्हाई, पन चिखलानं भरलेला तांब्या दगडावरनं वढला की ती गेलीच. जाड नायलॉन घेतली तर ती रबरावानी तानती, आन आज्याला खालचं कायच कळलं नसतं, त्यानं तवाच फेकून दिली असती. ऱ्हायली विनलेली दोरी. ती तानत बी न्हाई आन तुटत बी न्हाई. तुझा हा भाऊ आख्ख्या शाळेत एवढा कवा शिकला नव्हता.

पन एक इसरलो. आजा टाकायच्या आधी तंगूस व्हटातनं वढून बघतो, कुठं चरा पडलाय का ते. बोटाला न्हाई कळत ते व्हटाला कळतं, म्हनतो. सकाळी त्यानं वढली आन थांबला. म्हनला, आज जाड लागतीया. मी लगीच म्हनलं, ताईनं नवी धाडलीय. तो मान हलवून म्हनला, पोरीला कळतंय. मासा बघून तंगूस घेनारे लई, तळ बघून घेनारं एखादंच.

दुपारी भाकर खाऊन, गळ पान्यातच सोडून तो करंजाखाली आडवा झाला. मी कपडे काढले, पान्यात शिरलो, गळाच्या वर तांब्याच्या मानंला दोरीचे येढे आवळले, आपसूक गुतल्यावानी, आन तांब्या खाली सोडून दिला. मंग झुडपामागं शेजारच्या शौर्याचा मागून आनलेला फोन धरून बसलो. व्हिडिओ काढायचा, गावभर दाखवायचा.

आजा उठला, दोरी धरली, वढली. जड लागलं. मी तोंड दाबून बसलो. त्यानं घाई न्हाई केली. खडकावर पाय रोवून हळू हळू आनला, मधी अडकला तवा ढील दिली, परत वढला. पान्याबाहेर आला तवा त्याला काय दिसलं नसनार. त्यानं दोन्ही हातानं चाचपलं. गळा, काठ, बूड. चिखल काढला. आन खाली बसला.

मी वाट बघत व्हतो की आता शिवी यील. ताई, तो आजीला हाक मारून म्हनला, सोने, आनला बघ.

मंग रडला. आजी गेली तवा न्हाई रडला, तुला आठवतंय, आपन दोघं म्हनलो व्हतो की म्हातारा दगूड हाय. तसा रडला. मी झुडपामागनं कवा बाहेर आलो मला कळलं न्हाई. माझा हात धरून सांगाय लागला. शेवटच्या दिशी आजी शुद्धीत नव्हती, तरी त्याला इचारत व्हती, तांब्या आनला का? हा म्हनला, आनतो. ती म्हनली, मंग जावा की. हा उठून दारापोतर गेला, तिला बरं वाटावं म्हनून. माघारी आला तवर ती गेली व्हती. म्हनून रोज खडकावर जात व्हता. हे त्यानं कुनालाच सांगितलं नव्हतं.

मी व्हिडिओ तिथंच मिटवला.

घरी आनून त्यानं चिंच आन राखुंडी लावून तांब्या सवता घासला. कुनाला हात लावू दिला न्हाई. पितळ सोन्यावानी निघालं, आन बुडावर नाव निघालं. ठिपक्या ठिपक्यांचं, भांड्यावर टोचत्यात तसं. मी भंगारातनं घेतला तवा बूड बघितलंच न्हाई. आज्याला अक्षरवळख न्हाई, त्यानं नुसतं बोट फिरवलं, म्हनला, वाच. तिथं लिवलंय, कुशाबाई भिमाजी, पेठ.

मी वाचलं, सोनीबाई, मढ. म्हनलं आजीचं माहेर पन घालावं, म्हंजी खरं वाटंल. आजा म्हनला, मढ बी टोचलंय व्हय? एवढी वर्सं तांब्याचं ऐकलं, पन हे कवा बोलली न्हाई. आन हसला. आता रोज त्याच तांब्यानं तुळशीला पानी घालतो. दोन टायमाला जेवतो, मागून घेतो. रातचा उठून बसत न्हाई. मी मातर ती पेठची कुशाबाई कोन असंल ह्या इचारानं झोपत न्हाई. तिचा तांब्या भंगारात गेला तवा तिच्यासाठी कुनी पान्यात हात घातला का न्हाई, कुनास ठाऊक.

आता हे समदं आजच का लिवलं, ते ऐक. तू रईवारी येनार कळल्यापास्नं आजा म्हनतोय, ह्या ऋत्याचं काय खरं न्हाई, ह्याला वाचता कुठं येतंय, वैजू आली की तिच्याकडनं वाचून घीन. तुझ्या हातात तांब्या देईल तो. आधी म्हनंल, पोरी, जाड तंगूस धाडलीस म्हनून हे वर आलं. तवा हो म्हन. मंग बूड वर करून म्हनंल, वाच. ताई, तुझ्या पाया पडतो, सोनीबाई, मढ असंच वाच. अडखळू नको, त्याला आवाजातनं लगीच कळतं. आन येताना एक कर. परवा तो सवताहून म्हनला, वैजूला सांग, आता मासं धरायचं म्हनतो, रव्हू-कटल्याला चालंल अशी तंगूस आन. मधली आन. लई बारीक नको, लई जाड नको. हे वाचून झालं की कागूद तिथंच जाळ. आईला, पप्पाला, तुझ्या त्या रूमवालीला, कुनाला म्हंजी कुनालाच सांगू नको. मला पायजे तेवढं मार, पन सांगू नको.

तुझाच वांड भाऊ,
ऋत्या