खांदा नॉर्मल आहे, सर

सर, आज दुपारी डाळ मिलमध्ये काम करणाऱ्या एका बाईंचा खांदा तपासत होते. त्यांच्या पाठीमागे उभी राहिले, दोन्ही खांदे एका नजरेत घेतले, आणि क्षणभर मी जळगावच्या माझ्या दवाखान्यात नव्हतेच. धुळ्याच्या त्या लांबट वॉर्डात होते. हिवाळ्यातली दुपार, पंखे बंद, उन्हाचे पट्टे फरशीवरून कॉटखाली सरकताहेत, हिरवा पडदा वाऱ्यानं फुगतोय आणि पुन्हा बसतोय. तुम्ही खिडकीशी उभे राहून नुसते बघताय.

त्या वॉर्डात पारोळ्याकडची एक आजी होती. "मना हात वर जास नही, बठ्ठा खांदा दुखस," सगळा खांदा दुखतो असं ती अहिराणीत म्हणाली आणि मी थेट तिचा दुखरा हात धरून वर उचलला. ती कळवळली. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तेच जास्त लागलं. "तिनं दुखतंय म्हणून सांगितलं आणि तू दुखवूनच सुरुवात केलीस? आधी चांगला हात. आधी डोळे, मग बोटं, मग हालचाल." मग तुम्ही माझी बोटं धरून तिच्या कोपराच्या मागे ठेवलीत. हात सरळ असताना हाडांची तीन टोकं एका ओळीत, वाकवला की त्यांचाच त्रिकोण. त्या पातळ, सुरकुतलेल्या कातडीखाली ती टोकं पांझरा नदीच्या पाण्यातल्या गोट्यांसारखी हलली. आजी हसली. "माय, तुना हात थंडा शे वं!" तेव्हापासून मी तळवे चोळल्याशिवाय कुणाला हात लावलेला नाही.

परीक्षा जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. सरावाला पेशंट मिळेना, म्हणून आम्ही तिघं-चौघं ताटकळत उभे होतो. तुम्ही शर्ट काढून बनियनवर स्टूलवर बसलात. "आज मीच पेशंट. उजवा खांदा दुखतो, कळ कोपरापर्यंत जाते. तपास." सगळे हसले. मी तळवे चोळले आणि डाव्या हातापासून सुरुवात केली. मग उजवा. तुमचा हात बाजूनं वर गेला, डोक्यामागे गेला, पाठीवर वळून अंगठा पार खवाट्यापर्यंत पोचला. कुठं अडला नाही, दाबून दुखला नाही. कोपराची तीन टोकं जागच्या जागी.

"खांदा नॉर्मल आहे, सर. कोपरही."

"तरी दुखतोय. मग कुठं बघशील?"

"मानेत, सर."

"आणि?"

मी हातातला तुमचा उजवा पंजा खाली ठेवला. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, जरा जास्तच वेळ. मग शर्ट चढवलात आणि डाव्या हातानं सावकाश बटणं लावलीत.

होळीच्या सुमारास तुम्ही वर्गात छातीचा एक एक्स-रे उजेडावर लावलात. नाव पट्टी चिकटवून झाकलेलं. उजव्या फुप्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला पांढरट डाग. "या माणसाचा खांदा दुखत होता आणि खांदा नॉर्मल होता," तुम्ही म्हणालात. "गाठ इथं वर आहे. हाताकडे जाणाऱ्या नसा दाबते. पुढंपुढं पंजाचे स्नायू वाळतात." सगळे वह्यांत उतरवून घेत होते. माझं पेन थांबलं. तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत.

शेवटच्या दिवसांत तुमच्या घरी आले होते. तुमच्या पत्नींनी चहा ठेवला. तुम्ही उशीला टेकून बसलेले, हातावर शाल ओढलेली. "तू तपासणी चोख केलीस," तुम्ही म्हणालात. "खांदा नॉर्मलच होता. मनाला लावून घेऊ नकोस." मी मान हलवली, चहा प्यायले आणि बसस्टँडवर चालत गेले. निकालाआधीच तुम्ही गेलात. नंतर मी शंभरदा मनाशी म्हटलं, तेव्हा कळलं असतं तरी फार काही झालं नसतं. कदाचित खरंही असेल. चार महिने मिळाले असते, कदाचित तेही नाही.

पण सर, त्या दिवशी तुमचा उजवा पंजा माझ्या हातात होता, तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस बसलेलं मला दिसलं होतं. तिथं चक्क खळगा पडला होता. डाव्या हाताला तसा नव्हता, तेही मी पाहिलं. आपल्या सरांच्या अंगातलं वाईट चारचौघांत कसं बोलायचं, म्हणून मी दुसरीकडे बघितलं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, आणि आजवर दुसऱ्या कुणालाही नाही.