देज

उधवा, तलासरी
ता. २६ एप्रिल २०२४

सौ. प्रभा विहीणबाईंस हिराबाईचा रामराम. स. न. वि. वि.

फोन केला की तुमचे साहेब उचलतात, माझा आवाज ऐकून फोन कट करतात. म्हणून तुमच्याकडं भांडी घासणाऱ्या आमच्या गावच्या संगिताच्या हाती चिठ्ठी पाठवते.

रविवारी आम्ही डहाणूला तुमच्या दारी देज घेऊन आलो. तांदूळ, तुम्हाला लुगडं, एक शेळी. आमच्यात मुलाकडचे मुलीच्या आईबापाला देतात, कारण त्यांची राबती पोर जाते. माझ्या नितीननं आणि तुमच्या पूर्वीनं कोर्टात लग्न केलं तरी रीत ती रीत. साहेबांना वाटलं पोरीचा भाव करायला आलो. शेळीला लाथ घातली, माझ्या घरधन्याच्या, देवजीच्या थोबाडीत दिली. देवजीनं हात उचलला नाही; व्याह्याचा उंबरा होता. पण पूर्वी घोलवडच्या अनिकेतला द्यायची आणि तुमच्या गौरवनं त्याच्या चिकूच्या धंद्यात भागीदार व्हायचं, हे ठरवलं होतंत ना? मग पोर विकत कोण होतं?

काल गौरव चार माणसं घेऊन चिखल्याला पोरांच्या शेडवर आला. चिकूच्या फोडी वाळवायच्या जाळ्या पेटवल्या. बांबूनं नितीनचा पाय मोडला. पूर्वी आडवी आली, सख्ख्या बहिणीचं डोकं फोडलं. मी तिथंच होते. कोयता उलटा धरून गौरवच्या मनगटावर घातला. सुलटा धरला नाही, तो तुमच्याकडं बघून.

पूर्वी तुम्हाला विचारते. या.

माया पातळ करू नका.
हिराबाई


डहाणू
ता. २९ एप्रिल

सौ. हिराबाई यांस, स. न. वि. वि.

पत्र मिळाले. गौरवच्या मनगटाचे ऑपरेशन करावे लागले. त्याला पोळीचा तुकडा मोडता येत नाही. आईला काय वाटत असेल, विचार करा. तो रागीट आहे, वाईट नाही. लग्न फिसकटले तरी अनिकेतचे वडील त्याला भागीदार घेणार होते. आता म्हणतात, पोलिसांत नाव असलेला माणूस नको. ह्यांचे म्हणणे, तक्रार मागे घ्या. जाळ्या नव्या देऊ, पूर्वीला घराचे दार उघडू. नाहीतर ती आम्हाला मेली. शब्द त्यांचे, मी फक्त लिहिते.

मी येणार होते. पण बाथरूममध्ये घसरले, डोळा सुजला आहे. पूर्वीच्या जखमेला पाणी लागू देऊ नका. शेळी वॉचमनकडे आहे. सोसायटीच्या कुंड्या साफ केल्या तिने.

लोभ आहेच, तो राहावा.
प्रभा


दवाखान्यातून
ता. २ मे

प्रभाबाई, रामराम.

बाथरूम डोळ्यात मारत नाही. संगितानं सांगितलं, माझी चिठ्ठी सापडली म्हणून साहेबांनी तुमचं तोंड कपाटावर आपटलं. देवजीनं लग्नाच्या पहिल्या साली मला हाणलं होतं. मी चुलीतलं जळतं लाकूड उचललं. पुन्हा वेळ आली नाही. तुमच्याकडं पडला गॅस.

तक्रार मागं घेणार नाही. नितीनच्या पायात सळई घातली. पण पोलीस म्हणतो, अचानक झालेली मारामारी, दोन्हीकडून हाणलं, तुझ्यावरही गुन्हा घालतो. गौरव सांगतो, बहिणीला भेटायला गेलो, आग चुलीची. संगिता म्हणते, आदल्या दिवशी तुमच्याच हॉलमध्ये बसून त्यांनी ठरवलं, चहा तुम्ही दिलात. संगिताचं कोण ऐकतंय? साहेब तिला चोर ठरवतील. तुमचं ऐकतील. ठाण्यात जाऊन बोला. नाहीतर मी आत जाईन, गौरव पुन्हा येईल, आणि नितीन या खेपेला वाचणार नाही. मग पोरीचं कुंकू पुसायला तरी याल.

तोंड कडू आहे, पोट नाही. ओळख ठेवा.
हिराबाई


उधवा
ता. ५ मे

सौ. हिराबाई विहिणीस, सा. न. वि. वि.

काल ठाण्यात जाऊन आले. पेट्रोल आमच्याच स्कूटरमधून काढले, पाय मोडायचा हे ह्यांच्यासमोर ठरले, ह्यांनी होकाराची मान डोलावली. सगळे सांगितले, सही केली. संध्याकाळी गौरवला नेले. शाळेत सोडताना लहानपणी बघायचा, तसा बघत होता. मग ह्यांनी मला पट्टा तुटेपर्यंत मारले आणि बाहेर काढून कडी लावली. संगिताने आज एसटीने इथे आणले.

तुम्ही नितीनजवळ. ज्यांच्या थोबाडीत माझ्या नवऱ्याने मारली, त्या देवजीभाऊंच्या दारात मी उभी. वाटले, परत पाठवतील. त्यांनी खाट ओढून दिली, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि विचारले, "पाठीला हळद लावायला पूर्वीला उठवू?" नको म्हटले. ती उठलीच. हळद लावली, पण अजून बोललेली नाही. तिचा भाऊ मी आत घातला; तिला बरे वाटले की वाईट, विचारायचा धीर होत नाही.

लोभ असावा. नसला, तरी आता मी तुमच्याच घरी आहे.
प्रभा